"चामडं नाही ना?" एवढंच विचारून भागत नाही



चातुर्मास उठला की ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या आपल्या मंडळांच्या सहली माथेरानला निघतात. दस्तुरी नाक्यापुढे मोटारींना बंदी, म्हणून घोडे. बसण्याआधी आपल्यातली एखादी हमखास विचारते, "खोगीर चामड्याचं नाही ना?" घोडेवाला म्हणतो, "रेक्झिन आहे, ताई." मग आपण निश्चिंत होऊन रिकिबीत पाय घालतो.

माझं भांडण या निश्चिंतपणाशी आहे.

चामडं नको, हे योग्यच. पण तो प्रश्न आपल्या अंगाला काय लागतं याचा आहे. ज्या पाठीवर आपण बसणार, तिला काय टोचतं हे कोण विचारणार? मेलेल्या जनावराची एवढी चौकशी, आणि जिवंत समोर उभं आहे त्याची काहीच नाही?

पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत शिकलो: जीवाला जखडून ठेवणं, मारणं, त्याचं अंग कापणं, झेपणार नाही इतकं ओझं लादणं आणि अन्नपाणी तोडणं. यात चामड्याचा उल्लेख नाही. पाचही गोष्टी जिवंत प्राण्याबद्दल आहेत, आणि चौथी तर थेट पाठीबद्दल आहे.

आपण "खोगीरभरती" हा शब्द चेष्टेने वापरतो. घोड्यासाठी मात्र ती भरतीच महत्त्वाची. बसणाऱ्याचं वजन कण्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर पडायला हवं, कण्यावर नाही. भरती दबून सपाट झाली की खोगीर मणक्यावर टेकतं. रेक्झिन असो की चामडं, जखम तीच. उलट रेक्झिनखाली घाम कोंडतो, आणि ओली गादी पाठ सोलते.

म्हणून बसण्याआधी एवढं पाहा. मानेच्या मुळाशी जो उंचवटा असतो, त्याच्या आणि खोगिराच्या मध्ये दोन-तीन बोटं जायला हवीत, माणूस बसल्यावरसुद्धा. पोटाखालच्या तंगात दोन बोटं सरकायला हवीत. घट्ट तंग काचतो, सैल असला तर खोगीर फिरतं. गादी कोरडी हवी. पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले तर ते बहुधा जुन्या जखमांचे वण असतात. उतारावर खोगीर पुढे घसरतं, चढावर मागे. छातीवरचा आणि शेपटीखालचा पट्टा त्यासाठीच असतो. तो आहे का, आणि असला तर त्याखाली कातडी सोलली आहे का, हे पाहायला दोन मिनिटं पुरतात. फोटो काढायला आपण याहून जास्त वेळ घेतो.

वजनाचंही तेच. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्राचे नियम आहेत. त्यांत तट्टाच्या पाठीवर ७० किलोंहून जास्त ओझं नको, दिवसाला नऊ तासांहून जास्त काम नको आणि सलग पाच तासांहून जास्त नको, असं लिहिलं आहे. "मी म्हणजे काय ओझं आहे?" असं कुणी म्हणेल. पाठीला तो फरक कळत नाही.

काही जणी म्हणतात, आम्ही घोड्यावर बसतच नाही, आम्हाला दोष नाही. छान. पण तुमच्या बॅगा कशावरून जातात? हॉटेलात आलेलं तांदळाचं पोतं, पाण्याचे बॉक्स वर कोणी वाहून आणले? पाप हातावेगळं केलं म्हणजे संपलं असं नाही.

आणि सरसकट बहिष्कार हेही उत्तर नाही. काम तुटलं तर आधी चारा तुटतो, म्हणजे पाचवा अतिचार. तेव्हा घोडा ठरवाच, पण अटीवर. जखम असलेला घोडा नाकारा आणि कारण तोंडावर सांगा. पूर्ण पैसे देऊन सामान अर्धंच लादा. वजन जास्त असेल तर शटल घ्या किंवा चाला. आपले साधू-साध्वी शेकडो कोस पायी विहार करतात, आपल्याला दस्तुरी ते बाजार जड जाऊ नये. चांगली गादी ठेवणाऱ्याला चार पैसे जास्त द्या. आपण कशाचे पैसे देतो ते पाहूनच तो पुढची गादी शिवून घेईल.

वरघोड्यालाही हेच लागू आहे. तोंडात काटेरी कडी घालायला त्याच १९६५ च्या नियमांत बंदी आहे. घोडा ठरवणाऱ्या समितीतल्या किती जणांनी त्याचं तोंड उघडून पाहिलं? ठाण्याला टेंभी नाक्यावर मुनिसुव्रत स्वामींचं मंदिर आहे. भरुचला यज्ञात बळी जाणाऱ्या घोड्याला प्रतिबोध द्यायला भगवान स्वतः गेले, ही त्यांचीच कथा. संभवनाथांचं लांछनही घोडा. ज्यांच्या दर्शनाला आपण रांग लावतो, त्यांच्याच मिरवणुकीत घोड्याच्या तोंडातून रक्त यावं?

पुढच्या सहलीच्या सूचनापत्रकात "कंदमूळ नाही, सूर्यास्तापूर्वी जेवण" याखाली आणखी एक ओळ छापून घ्या: "घोड्याची पाठ पाहिल्याशिवाय कोणी बसू नये." सहलप्रमुख हसल्या तर हसू देत. ओळ मात्र खोडू देऊ नका.