वाकडे दात: ब्रेसेस कुणाला खरंच लागतात आणि कुणाला मिळतात?

वर्गात सरांनी प्रश्न विचारला की उत्तर देण्याऐवजी ओठ मिटायचे आणि बोटाने जबड्याची रेष दाखवायची. घरात शाळकरी मुलं असतील तर ही खूण तुम्ही पाहिली असेल. हे आहे 'मेविंग'. जीभ टाळूला चिकटवून ठेवली की जबडा धारदार होतो, दात सरळ होतात आणि ब्रेसेस लागतच नाहीत, असा दावा रील्समधून केला जातो.

हे नाव आलं ब्रिटनमधले ऑर्थोडॉन्टिस्ट जॉन म्यू यांच्यावरून. त्यांचा मुलगा माईक म्यू याने ही कल्पना यूट्यूबवरून जगभर पोहोचवली. पण दोन लहान मुलांवर केलेल्या उपचारांच्या प्रकरणात ब्रिटनच्या जनरल डेंटल काउन्सिलने २०२४ मध्ये माईक म्यू यांचं नाव नोंदणीतून काढून टाकलं. मेविंगने दात किंवा जबडा बदलतो याला ठोस शास्त्रीय आधार नाही, असं अमेरिकन असोसिएशन ऑफ ऑर्थोडॉन्टिस्ट्स या संघटनेनेही सांगितलंय.

ट्रेंड येतात आणि जातात. पण मुलं आणि पालक अशा दाव्यांकडे वळतात, कारण एका साध्या प्रश्नाचं सरळ उत्तर त्यांना कुणी देत नाही. आपल्या मुलाचे दात वाकडे आहेत, तर उपचार लागणार की नाही?

मुळात दात वाकडे का येतात?

साधारण सहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात दुधाचे दात आणि कायमचे दात एकत्र असतात. या काळात दात थोडे वेडेवाकडे दिसणं, पुढच्या दातांत फट असणं यात बऱ्याचदा काळजीचं काही नसतं. सुळे खाली आले की ती फट अनेकदा आपोआप बुजते.

खरी अडचण होण्याची कारणं वेगवेगळी असतात. काही गोष्टी आनुवंशिक असतात. जबडा लहान आणि दात मोठे असतील तर दाटी होणारच. काही सवयींमुळे होतं: चार-पाच वर्षांनंतरही अंगठा चोखणं, गिळताना जीभ दातांवर ढकलणं. नाक सतत चोंदलेलं असल्यामुळे तोंडाने श्वास घेणारी मुलंही असतात.

आणि एक कारण आपल्याकडे सर्रास दुर्लक्षित राहतं, ते म्हणजे दुधाच्या दाढांची कीड. "पडणारच आहेत, मग कशाला खर्च?" हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. पण दुधाची दाढ खालून येणाऱ्या कायमच्या दातासाठी जागा राखून ठेवते. ती किडून वेळेआधी काढावी लागली, की शेजारची दाढ पुढे सरकते. मग खालचा दात वर येतो तेव्हा त्याला जागाच उरलेली नसते. म्हणजे आज वाचवलेले फिलिंगचे काहीशे रुपये पुढे ब्रेसेसच्या बिलात निघू शकतात.

गरज मोजतात कशी?

इथे ब्रिटनचं उदाहरण उपयोगी पडतं. तिथे १९८९ मध्ये उपचारांची गरज मोजणारी एक पट्टी तयार झाली. तिला थोडक्यात 'आयओटीएन' म्हणतात. तिच्यात १ ते ५ अशा श्रेणी आहेत. पहिल्या दोन श्रेणींमध्ये उपचारांची गरज नाही किंवा फारच थोडी. तिसरी सीमारेषेवरची. चौथी आणि पाचवी म्हणजे उपचार गरजेचे.

वरचे पुढचे दात खालच्या दातांपेक्षा ६ मिलिमीटरहून जास्त पुढे असतील तर मूल चौथ्या श्रेणीत जातं, ९ मिलिमीटरहून जास्त असतील तर पाचव्या. हाडात अडकून बसलेला दात आणि दुभंगलेला ओठ-टाळू हेही पाचव्या श्रेणीत.

ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा १८ वर्षांखालच्या चौथ्या-पाचव्या श्रेणीतल्या मुलांचा खर्च उचलते. तिसऱ्या श्रेणीत दात दिसायला बरेच वाईट असतील तरच. बाकीच्यांनी हवं तर स्वतःच्या पैशाने करायचं.

यातून दिसतं की 'वाकडे दात' हा एकच आजार नाही. एखादा दात किंचित फिरलेला असणं आणि खालचा जबडा एका बाजूला सरकवूनच चावता येणं, यात मोठा फरक आहे. पहिलं दिसण्यापुरतं आहे. दुसऱ्याने जबड्याच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो.

लवकर सुरू केलं तर चांगलंच, नाही का?

नेहमी नाही. अमेरिकेतल्या संघटनेचा सल्ला आहे की सातव्या वर्षापर्यंत मुलाला एकदा ऑर्थोडॉन्टिस्टला दाखवावं. पण दाखवणं वेगळं आणि उपचार सुरू करणं वेगळं. बहुतेक मुलांच्या बाबतीत "थांबा, सहा महिन्यांनी परत या" हेच योग्य उत्तर असतं.

पुढे आलेल्या दातांबद्दल कॉक्रेन या संस्थेने जगभरातल्या चाचण्या एकत्र तपासल्या. लहानपणी एकदा आणि किशोरवयात पुन्हा असे दोन टप्प्यांत उपचार केलेल्या मुलांच्या पुढच्या दातांना इजा कमी झाली. पण बाकीचा निकाल किशोरवयात एकदाच उपचार केलेल्या मुलांसारखाच होता. म्हणजे मूल खेळताना सारखं तोंडावर पडत असेल, दात खूपच पुढे असतील, तर लवकर सुरू करण्याला अर्थ आहे. सरसकट सगळ्यांसाठी नाही.

वरचे दात खालच्या दातांच्या आत बसत असतील, तर मात्र लवकर उपचार करणं फायद्याचं ठरतं.

आपल्याकडे काय चित्र आहे?

आपल्याकडे गरजेची पट्टी नाही, खिशाची आहे. बहुतेक आरोग्य विमा पॉलिसींमध्ये ब्रेसेस येत नाहीत. खासगी दवाखान्यात साध्या मेटल ब्रेसेसचा खर्च हजारोंच्या घरात जातो आणि अलाइनर्सचा आकडा लाखाच्या पुढेही जाऊ शकतो. त्यामुळे पैसे असलेल्या घरात दुसऱ्या श्रेणीतल्या मुलालाही तारा लागतात आणि नसलेल्या घरात पाचव्या श्रेणीतलं मूल तसंच मोठं होतं.

सरकारी यंत्रणा अजिबात नाही असंही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. या कार्यक्रमात फिरती पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी-अनुदानित शाळांत वर्षातून एकदा मुलांना तपासतात. ठरवून दिलेल्या आजार-व्यंगांमध्ये दातांचे आजार आहेत, दुभंगलेला ओठ-टाळूही आहे. पण दातांच्या तपासणीचा भर किडीवर असतो. दात एकमेकांवर कसे बसतात, हा त्या यादीतला वेगळा मुद्दा नाही.

उपचारांसाठी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला सरकारी डेंटल कॉलेजं आहेत, मुंबईत महापालिकेचं नायर डेंटल कॉलेज आहे. तिथे खर्च खासगीपेक्षा बराच कमी. पण ब्रेसेस म्हणजे एका दिवसाचं काम नाही. दीड ते दोन वर्षं, महिन्याला साधारण एक फेरी, म्हणजे १८ ते २४ फेऱ्या. गडचिरोलीतल्या मुलाला नागपूर एका बाजूने सुमारे १७० किलोमीटर. प्रत्येक वेळी एसटीचं भाडं, मुलाची शाळा आणि सोबत येणाऱ्याची रोजंदारी बुडणार. उपचार स्वस्त असूनही अर्धवट सुटण्याचा धोका इथेच असतो. आणि अर्धवट सोडलेल्या तारा न लावलेल्यांपेक्षा वाईट, कारण ब्रॅकेटभोवती घाण साचून दात किडतात.

मग सरकारने काय करावं?

सगळ्यांना ब्रेसेस फुकट द्या, ही मागणी व्यवहार्य नाही. पण शाळेच्या तपासणीत दोन-तीन साध्या गोष्टी वाढवता येतील: पुढचे दात किती पुढे आहेत, चावा उलटा बसतो का, दहाव्या वर्षी सुळ्याचा फुगवटा हिरडीवर हाताला लागतो का. यासाठी महागडं यंत्र लागत नाही. गंभीर मुलं वेगळी काढून फक्त त्यांच्या उपचारांचा आणि प्रवासाचा खर्च उचलता येईल. जिल्हा रुग्णालयात महिन्यातून एक दिवस ऑर्थोडॉन्टिस्ट आला तर निम्म्या फेऱ्या वाचतील.

तोवर तुम्ही काय करू शकता?

दुधाच्या दाताची कीड भरून घ्या. मूल घोरत असेल, तोंड उघडं ठेवून झोपत असेल तर आधी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

डॉक्टरांनी ब्रेसेस सांगितले तर तीन प्रश्न विचारा. हे आत्ताच करायला हवं का? नाही केलं तर नेमकं काय होईल? तारा काढल्यावर रिटेनर किती वर्षं वापरावा लागेल? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण रिटेनर सोडला तर दात पुन्हा सरकतात. उपचार करणाऱ्याने बीडीएसनंतर ऑर्थोडॉन्टिक्समध्ये एमडीएस केलंय का, हेही बघा.

ऑनलाइन साचा मागवून घरबसल्या दात सरळ करण्याच्या जाहिरातींपासून जरा लांबच राहा. या धंद्यातली अमेरिकेतली सगळ्यात मोठी कंपनी, स्माईलडायरेक्टक्लब, डिसेंबर २०२३ मध्ये अचानक बंद पडली. उपचार अर्धवट असलेल्या ग्राहकांकडे अलाइनर्स होते, पण पुढचं विचारायला डॉक्टर नव्हता.

आणि मूल आरशासमोर उभं राहून मेविंग करत असेल तर ओरडू नका. त्याला आपल्या चेहऱ्याबद्दल काहीतरी खटकतंय, एवढं त्यातून नक्की कळतं. वर्गात कुणी दातांवरून चिडवतं का, हे आधी विचारा.