कंपनीचा दंतविमा घ्यावा की सोडावा? नांदेड-लातूरच्या नोकरदारांसाठी हिशेब असा

नव्या नोकरीत रुजू होताना किंवा गटविम्याचे नूतनीकरण होताना एचआरकडून एक मेल येतो. मूळ आरोग्य विमा कंपनी देते. त्याला दंतविम्याची जोड हवी असेल तर टिक करा, हप्ता पगारातून कापला जाईल, मुदत अमुक तारखेपर्यंत. पुणे किंवा हैदराबादच्या कंपनीत काम करणारे आणि घर नांदेड-लातूरला असलेले अनेक जण 'विमाच आहे, असू द्या' म्हणत टिक करतात. काही जण मेल उघडतही नाहीत. दोन्हींमध्ये पैसे वाया जाऊ शकतात.

मूळ आरोग्य विम्यात दात येत नाहीत का?

येतात, पण रुग्णालयात दाखल व्हावे लागले तरच. अपघातात जबडा मोडला, शस्त्रक्रिया झाली तर खर्च मिळतो. 2020 मध्ये आलेल्या 'आरोग्य संजीवनी' या प्रमाणित पॉलिसीतही आजार किंवा दुखापतीमुळे कराव्या लागणाऱ्या दंतोपचारांचा उल्लेख आहे, मात्र तो रुग्णालयातील उपचारांच्या खर्चात मोडतो. प्रत्यक्षात दाढेचे दुखणे खुर्चीवर बसून तासाभरात उरकते. रूट कॅनॉल, सिमेंट भरणे, दाढ काढणे हे सगळे ओपीडीतले. दंतविमा विकला जातो तो याच खर्चासाठी.

मग हिशेब कसा मांडायचा?

उदाहरणापुरते आकडे घेऊ. हप्ता वर्षाला 2,000 रुपये. वैयक्तिक आरोग्य विम्यावरील जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झाला, पण गटविम्यावर 18 टक्के कायम आहे. म्हणजे पगारातून जाणार 2,360 रुपये. वर्षाची मर्यादा 10,000 आणि प्रत्येक बिलातला 20 टक्के वाटा, म्हणजे को-पे, कर्मचाऱ्याचा.

अशा पॉलिसीत वर्षभराचे बिल 2,950 रुपये झाले तर घातलेले पैसे जेमतेम परत मिळतात. फक्त 1,000 रुपयांचे क्लीनिंग केले तर 800 मिळाले आणि 1,560 गेले. रूट कॅनॉल आणि कॅप मिळून 8,000 झाले तर 6,400 मिळतात. निव्वळ फायदा 4,040. आणि इम्प्लांटला 30,000 लागले तर? बसत असेल तरी 10,000च्या पुढे एक रुपया नाही, आणि पुष्कळ पॉलिसींत इम्प्लांट बसतच नाही.

खरी मेख इथेच आहे. विमा घ्यायचा तो न झेपणाऱ्या खर्चासाठी. दंतविमा मात्र झेपणाऱ्या खर्चाला थोडा हातभार लावतो आणि मोठ्या खर्चाच्या वेळी मर्यादेवर थांबतो. त्याला आगाऊ पैसे भरून घेतलेली सवलत म्हणणे जास्त बरोबर. विमा कंपनीचीही अडचण आहे. दाढ किडली आहे हे माणसाला आधीच ठाऊक असते, त्यामुळे जोड घेणाऱ्यांत दुखणारे दातवालेच जास्त असतात. मर्यादा, को-पे, काही महिन्यांचा प्रतीक्षाकाळ आणि वर्षातून एकदाच उघडणारी खिडकी या अटी त्यातूनच येतात.

हप्ता स्वतःच्या पगारातून जात असेल तर जुन्या करप्रणालीत त्याची वजावट मिळते, नव्या प्रणालीत नाही.

नांदेड-लातूरमध्ये काय वेगळे?

पहिला प्रश्न कॅशलेसचा. ॲपवर 'हजारो क्लिनिक' दिसले तरी आपल्या शहराचा पिनकोड टाकून किती उरतात ते पाहावे. जवळ एकही नसेल तर आधी खिशातून भरायचे आणि मग बिल पाठवायचे. दुसरा प्रश्न आई-वडिलांचा. दातांचा मोठा खर्च, कवळीसकट, बहुधा त्यांचाच असतो. पण अनेक योजनांत जोडीदार आणि मुले येतात, आई-वडील येत नाहीत. आले तर हप्ता वेगळा. ही एक ओळ वाचल्यावर बऱ्याच जणांचा निर्णय होऊन जातो.

शिवाय दोन्ही शहरांत दंत महाविद्यालये आहेत: नांदेडला नांदेड रुरल डेंटल कॉलेज, लातूरला एमआयडीएसआर. अशा ठिकाणी विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. फेऱ्या जास्त होतात, वेळ जातो, पण दर सहसा खासगी दवाखान्यापेक्षा बरेच कमी असतात. आई-वडील गावीच असतील तर हा पर्याय हप्त्याशी ताडून पाहण्यासारखा आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तर 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. दाढ काढण्यासारख्या कामासाठी तिथला दंतविभाग आधी पाहावा.

किनवट भागातील वाचकांनी आणखी एक अट तपासावी. तिथल्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त असल्याने दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात. हा पाण्यामुळे होणारा विकार, पण डाग घालवण्याचे उपचार विम्याच्या भाषेत 'सौंदर्य उपचार' ठरू शकतात आणि क्लेम नाकारला जाऊ शकतो. टिक करण्यापूर्वी एचआरला लेखी विचारलेले बरे.

पगार 21,000 च्या आत असेल तर?

ईएसआयसी लागू असलेल्या आस्थापनेत पगारातून 0.75 टक्के आधीच कापले जातात. 20,000 वर महिन्याला 150 रुपये. त्या वैद्यकीय सुविधेत दंतोपचारही येतात. एमआयडीसीतल्या कामगारांनी वेगळा दंतविमा घेण्याआधी आपले कार्ड कोणत्या दवाखान्याशी जोडले आहे आणि तिथून दातांसाठी कुठे पाठवतात, हे विचारावे.

टिक कोणी करावी?

डॉक्टरांनी रूट कॅनॉल सांगितले आहे, प्रतीक्षाकाळ नाही आणि क्लिनिक जवळ आहे, अशांनी जरूर करावी. त्या वर्षी पैसे वसूल होतात. दात ठीक असतील तर तेच 2,360 रुपये बाजूला ठेवून वर्षातून एकदा तपासणी आणि क्लीनिंग करता येते, वर काही उरतेही. हप्ता पूर्णपणे कंपनी भरत असेल तर मात्र विचार करण्याचे कारणच नाही.

घेतल्यावर बिलावर दंतवैद्याचा नोंदणी क्रमांक आणि कोणत्या दातावर काय केले याची नोंद घ्यावी, उपचारापूर्वीचा एक्स-रे जपून ठेवावा. नोकरी सोडण्याच्या बेतात असाल तर राजीनाम्याआधी कॅपही बसवून घ्या. संरक्षण बहुधा शेवटच्या कामाच्या दिवशीच संपते, आणि अर्धवट राहिलेल्या रूट कॅनॉलचे पुढचे बिल स्वतःच्या खिशातून जाते.