इंद्रधनुषी रुपया इतकी वर्षं होता कुठे?

माझ्या आज्जीच्या देव्हाऱ्यात पंचम जॉर्जचे पाच रुपये होते. दर लक्ष्मीपूजनाला ते चिंचेच्या कोळात भिजायचे, रांगोळीने घासले जायचे, हळदकुंकू लागलं की परत डब्यात. राजाची दाढी गुळगुळीत झाली होती. त्याच्या अंगरख्यावरच्या हत्तीचा नुसता फुगवटा उरला होता. पण चकाकी अशी, की आरसा मागे पडावा. आज्जीच्या लेखी घरातली चांदी काळी पडली म्हणजे घरातली बाई आळशी.

हे आधी सांगतोय, कारण आज फोन उघडला की मला निळे-जांभळे-सोनेरी रुपये दिसतात. 'नॅचरल रेनबो टोनिंग', 'जुन्या घराण्यातला माल', 'दुर्मीळ'. माझा प्रश्न साधा आहे. ज्या देशात घरोघरी दर दिवाळीला चांदी घासली गेली, तिथे हे शंभर वर्षं न घासलेले, ओळीने रंग चढलेले रुपये इतकी वर्षं होते कुठे?

रंगीत नाण्यांची ही हौस मुळात अमेरिकेची, आणि तिथे तिला कारण आहे. मॉर्गन डॉलर १८७८ ते १९०४ आणि मग १९२१ साली पाडले गेले. त्यातली लाखो नाणी कुणाच्या हातातच गेली नाहीत. हजार-हजारच्या कापडी पोत्यांत ती तिजोरीत पडून राहिली आणि त्यातली बरीचशी थेट १९६०च्या दशकात बाहेर आली. पोत्याच्या कापडातलं गंधक कडेच्या नाण्यांना लागत राहिलं. काहींना पुठ्ठ्याच्या जुन्या अल्बमांनी रंग दिला. म्हणजे रंगामागे एक जागा होती, ती दाखवता येत होती. आपला रुपया हातोहात फिरला, मडक्यात पुरला गेला, सोनाराच्या मुशीत गेला, नाहीतर आज्जीच्या रांगोळीखाली आला. खरे रंगीत रुपये नाहीतच असं नाही. कुणीतरी कोरा रुपया कागदी पाकिटात घालून विसरलं, कुणाच्या लाकडी कपाटात तो पिढ्यान्‌पिढ्या राहिला. पण असे रुपये दर आठवड्याला नवे उगवत नाहीत.

मी मात्र फसलो. १९१८चा रुपया, मुंबई टांकसाळीचा, ठिपकेवाला. हे साल ढिगाने मिळतं, साधा रुपया चांदीच्या भावाच्या आसपास येतो. मी नऊ हजार मोजले. फोटोत तो मोरपिसासारखा होता. महिन्याभरात त्याच विक्रेत्याने आणखी एक १९१८ टाकला. त्यातही रंग तिथूनच सुरू होत होता, त्याच कोपऱ्यातून, त्याच तिरकेपणाने. तेव्हा मी माझा रुपया पहिल्यांदा नीट पाहिला. आधी पाहिला नव्हता, नुसता बघत बसलो होतो.

चांदीवरचा रंग म्हणजे सिल्व्हर सल्फाइडचा अतिपातळ थर. पाण्यावर सांडलेल्या डिझेलवर जे रंग दिसतात, त्यातलाच हा प्रकाशाचा खेळ. थर जाड होत जातो तसे रंग ठरलेल्या क्रमाने येतात: आधी फिकट पिवळा, मग सोनेरी, मग तांबूस-किरमिजी, मग गडद निळा, मग फिकट निळा, आणि मग दुसऱ्या फेरीत पुन्हा पिवळा, किरमिजी आणि हिरवा. हिरवा उशिरा येतो. त्याच्या शेजारी किरमिजी आणि पिवळा नसेल, पांढऱ्या चांदीवर एकदम हिरवा डाग बसला असेल, तर नाणं तिथेच खाली ठेवा. माझ्या रुपयावर निळ्यातून थेट पांढरं होतं. मध्ये काहीच नाही. जणू जिन्याच्या चार पायऱ्या कुणी काढून नेल्या.

मग भिंग घेतलं. सावकाश चढलेला रंग अक्षरांपाशी थबकतो, कडेला बारीक उजळ रेघ सोडतो, उंच भागावर एक आणि खोलगट भागावर दुसरा असतो. माझ्याकडचा रंग राजाच्या गालावरून, दाढीवरून, अक्षरांवरून सरळ वाहत गेला होता. त्याला खालच्या चढउतारांची पर्वाच नव्हती. आणि रंगाच्या खाली एका दिशेने गेलेले बारीक ओरखडे. म्हणजे रुपया आधी घासलेला होता, बहुधा कुणाच्या तरी आज्जीनेच, आणि ते घासणं झाकायला वर निळाई चढवली होती. खऱ्या रंगाखाली कोऱ्या नाण्याची चमक जिवंत असते. नाणं दिव्याखाली तिरकं फिरवलं की ती रंगांतून चाकासारखी फिरते. माझा रुपया कसाही फिरवा, प्लास्टिकच्या कपबशीसारखा निपचित. म्हणून फोटोवर कधीही घेऊ नका. एका दिव्याखाली नाणं फिरवलेला व्हिडिओ मागा. विक्रेता टाळाटाळ करायला लागला की उत्तर मिळालंच.

आता यावर हमखास येणारा युक्तिवाद. 'अरे, केमिकली सेमच आहे ना! दोन्हीकडे सल्फाइडच.' खरंय. थर सावकाश चढला काय आणि दुपारी चढवला काय, पदार्थ एकच. ग्रेडिंग कंपन्यांनाही यातून सुटका नाही. त्यांचे लोक नाण्याचा 'जन्म' पाहत नाहीत, रंग बाजारात चालण्यासारखा आहे का एवढंच ठरवतात. वर त्यांच्या प्लास्टिकच्या पेट्यांच्याही नकला बाजारात फिरतात. पण 'सेमच आहे' म्हणणाऱ्यांना मी विचारतो: सेमच असेल तर लेबलवर 'नॅचरल' का लिहिता? लिहा ना, 'कालच रंगवला'. आणि घ्या नऊ हजार. घेता येत नाहीत, कारण पैसे सल्फाइडचे नाहीत. ते पैसे 'याला कुणी हात लावला नाही' या गोष्टीचे आहेत, आणि नेमकी तीच गोष्ट खोटी आहे.

हे बोलताना माझाही हात स्वच्छ नाही, तेही सांगतो. रागाच्या भरात मी घरी प्रयोग केला. एक झिजका, घासलेला रुपया घेतला, उकडलेलं अंडं अर्धं कापलं आणि दोन्ही झाकणाच्या डब्यात शेजारी ठेवली. अंड्यातून सुटणारा गंधकाचा वायू, बस्स. सकाळी ठेवलं, तासातासाने झाकण उघडून पाहत राहिलो. आधी सोनेरी, मग किरमिजी, मग काठाला निळा. आणखी ठेवला असता तर काळाठिक्कर पडला असता. तिथेच बाहेर काढला. माझ्या नऊ हजारांच्या रुपयापेक्षा हा देखणा झाला होता. क्रमही बरोबर होता, पायऱ्या एकही गाळलेली नव्हती.

म्हणजे क्रम पाहूनही फसता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. झिजलेल्या नाण्यावर एवढे झगझगीत रंग, हीच तेवढी शंकेची जागा उरली होती.

गंमत म्हणून मी त्याचा फोटो एका मित्राला पाठवला. तोही जमवतो, माझ्याहून जास्त वर्षं. दोन मिनिटांत उत्तर आलं: 'पाच हजार देतो, दुसऱ्या कुणाला दाखवू नकोस.' मी स्क्रीनकडे बघत राहिलो. नऊ हजारांपैकी पाच परत येत होते. मला काही बोलायचीही गरज नव्हती, नुसतं 'ओके' टाइप करायचं होतं. खोटं म्हणजे नेहमी काही बोलावंच लागतं, असा माझा समज होता.

मी त्याला अंड्याचा फोटो पाठवला. बराच वेळ निळ्या टिका तशाच राहिल्या. मग तो म्हणाला, 'सांगितलं नसतंस तरी चाललं असतं रे.'

माझा खरा राग त्या विक्रेत्यापेक्षा या वाक्यावर आहे. विक्रेता निदान धंदा करतो. आपण गिऱ्हाईक असून, पैसे आपले जात असून, आपल्यालाच कळून घ्यायचं नसतं. नाणं कुणाकडून आलं हे विचारलं तर सौदा हातचा जाईल ही भीती. विकताना पुढच्याने विचारू नये ही इच्छा. साध्या करड्या पडलेल्या, प्रामाणिक, कुणी न घासलेल्या १९१८कडे आपण ढुंकून बघत नाही, कारण तो रीलमध्ये उठून दिसत नाही. मग रंगवणाऱ्याने काय करावं? आपण मागतो तेच तो देतो.

दोन्ही रुपये माझ्याकडेच आहेत. पाकिटांवर शाईने लिहिलंय: एकावर 'रंगवलेला, विकत घेतला', दुसऱ्यावर 'रंगवलेला, मी'. आज्जीच्या पाचांतला एक शेजारच्या पाकिटात आहे. तो अजून चकाकतो. मित्राने परवा पुन्हा विचारलं, अंड्याचा तो देणार का म्हणून. आता तो तीन म्हणतोय.