बंदीच्या ६१ दिवसांत अंगाचीही डागडुजी करूया



१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी. या दिवसांत आपण जाळी सांधतो, इंजिन उघडतो, होडीला रंग काढतो. आणि अंगाचं काय?

जेटीवर कोणी मोठ्याने नाव घेत नाही अशा दुखण्याबद्दल लिहितोय. हायड्रोसिल, म्हणजे अंडकोशात पाणी साठून येणारी सूज. सैल लुंगीखाली लपवून लोक वर्षानुवर्षं काढतात. ‘रापण ओढून झालं’ म्हणतात. तसं नाही. उष्ण प्रदेशात याचं मोठं कारण हत्तीरोगाचा जंतू. घाण, साचलेल्या पाण्यातला क्युलेक्स डास तो पसरवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात अडीच कोटी पुरुषांना हत्तीरोगामुळे हायड्रोसिल आहे. हत्तीपायवाल्यांपेक्षाही हे जास्त! मग डास चावल्याची लाज कसली?

सरकारी मोहिमेतल्या गोळ्या जरूर घ्या, त्याने रोगाचा प्रसार थांबतो. पण भरलेली सूज गोळीने उतरत नाही. सुईने पाणी काढलं तर परत भरतं, वर जंतुसंसर्गाची भीती. खरा इलाज ऑपरेशन. भूल देऊन पाणी काढतात आणि ज्या पिशवीत ते साठतं ती कापून टाकतात किंवा उलटी करून शिवतात. साधी केस असेल तर साधारण तासाभराचं काम. अंडगोळी जागेवरच राहते, त्यामुळे ‘पुरुषपण जाईल’ ही भीती सोडा.

नंतर काही आठवडे वजन उचलायचं नाही, जाळं ओढायचं नाही. हंगामात हे कोणाला परवडणार? म्हणून माझं मत: प्रत्येक सोसायटीने मे महिन्यातच आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांशी बोलून तपासणी ठरवावी. नावांची यादी फलकावर नको, गुपचूप व्हावी. मोफत ऑपरेशन जवळच्या कुठल्या सरकारी रुग्णालयात होतं तेही तिथेच विचारावं.

कोणी म्हणेल, पावसात जखम चिघळते. जखम कोरडी ठेवली पाहिजे हे खरंच. पण ती घरी बसून कोरडी राहील की होडीवर खाऱ्या पाण्यात?

एक मात्र लक्षात ठेवा. प्रत्येक सूज हायड्रोसिल नसते. हर्निया किंवा गाठही असू शकते, म्हणून आधी डॉक्टरांना दाखवा. अचानक जोरात दुखलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

वयस्कर काका-मामांना हे वाचून दाखवा. ते स्वतःहून विचारणार नाहीत.