द्राक्षबाग पाहावी ती छाटणीच्या वेळी

द्राक्षबाग पाहण्यासाठी शेतकऱ्यांची सहल काढावयाची म्हटले की ती माघ-फाल्गुनात काढावयाची, असा प्रघात पडून गेला आहे. त्या दिवसांत मंडपाखाली घड लोंबत असतात, पेट्या भरल्या जात असतात, व्यापाऱ्याची गाडी बांधावर उभी असते. आलेल्या पाहुण्यांच्या हातावर मालक चार गोड मणी ठेवतो. मुरुमसारख्या गावचा, तूर, सोयाबीन आणि ज्वारीवर संसार चालविणारा शेतकरी हे दृश्य पाहून घरी परततो तो मनात बागेचा आराखडा घेऊनच. त्याची ही उमेद चांगलीच आहे. परंतु ज्या गोष्टी पाहून बाग लावण्याचा अथवा न लावण्याचा निर्णय घ्यावयाचा, त्यांतील एकही त्याच्या दृष्टीस पडलेली नसते. म्हणून ही सहल आश्विनात, फळछाटणीच्या वेळी काढावी, हे इष्ट होय.

आश्विनातच का?

फ्रान्स, इटली इत्यादी देशांत शरद ऋतू हा द्राक्षे तोडण्याचा ऋतू असतो. तेथे वेल थंडीत झोपी जातो, वसंतात फुटतो व सप्टेंबर-ऑक्टोबरात फळ देतो. आपल्याकडे वेलाला झोपविणारी थंडी पडत नाही. चौदाव्या शतकात दौलताबादेस आलेला प्रवासी इब्न बतूता याने तेथील द्राक्षे वर्षातून दोनदा फळतात, अशी नोंद केली आहे. वेल बारमाही वाढतो म्हणूनच महाराष्ट्रातील बागाइतदार त्यास दोनदा छाटतो आणि पीक मात्र एकदाच घेतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, जिला सोलापूर-सांगलीकडे गोडी छाटणी म्हणतात. बागलाणातील काही बागा याहून लवकर छाटतात, हा अपवाद. परदेशात ज्या महिन्यात टोपली भरते त्या महिन्यात आपल्याकडे कात्री चालते, आणि टोपली भरावयास त्यापुढे चार महिने अथवा अधिक काळ लागतो.

छाटणीच्या दिवशी काय दिसते?

त्या दिवशी बागेत फळ नसते. पानगळ झालेल्या काड्या, कात्र्यांचा आवाज आणि मालकाच्या चेहऱ्यावरील काळजी एवढेच असते. पण पाहणाऱ्याने नीट पाहावे. प्रत्येक काडी कोठे कापावयाची हे अंदाजाने ठरत नाही. कोणत्या डोळ्यात सूक्ष्म घड आहे, हे सूक्ष्मदर्शकाखाली काडी तपासून ठरविता येते. डोळ्यांतील हा घड मात्र आश्विनात घडत नाही. खरड छाटणीनंतर साधारण 40 ते 70 दिवसांत, म्हणजे मे-जूनच्या सुमारास, तो घडून गेलेला असतो. त्या काळात ऊन कमी पडले, काडीस पाण्याचा अथवा अन्नाचा तुटवडा झाला, तर आश्विनात कितीही कौशल्याने छाटणी केली तरी नसलेला घड निघत नाही. माघात तोडलेल्या फळाचे मूळ वैशाख-ज्येष्ठात असते, हा धडा काढणीच्या वेळी कोणासही शिकविता येत नाही. छाटणीच्या वेळी तो काडी हातात धरून शिकविता येतो.

डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांवर हायड्रोजन सायनामाइड लावतात. हे द्रव्य विषारी आहे. ते हातमोजे व अंगभर कपडे घालूनच हाताळावे लागते, आणि त्या कामाच्या आगेमागे मद्य घेणे जिवावर बेतू शकते. ते लावणाऱ्या हातांकडे पाहुण्यांनी पाहावे. त्यानंतर परतीचा पाऊस आला की कोवळ्या फुटीवर केवडा, ज्यास बागाइतदार डाऊनी म्हणतात, उतरतो. याच रोगावर फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकात मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण प्रथम वापरले गेले. फुलोऱ्यात पाऊस झाला तर घड कुजतो वा गळतो. पक्वतेच्या वेळी झाला तर मणी तडकतात. विरळणी, संजीवकाची बुडवणी, फवारण्या ही कामे तिथीवर करावी लागतात. घरी लग्न आहे म्हणून ती पुढे ढकलता येत नाहीत.

कुटुंबास विचारावयाचे प्रश्न

बाग एकट्या पुरुषाची नसते. विरळणीचे नाजूक काम बहुधा स्त्रियांच्या हातून होते. म्हणून सहलीस पती-पत्नी दोघांनीही जावे आणि मालकिणीशी मोकळेपणाने बोलावे. पहिला प्रश्न पाण्याचा असावा. एप्रिल 2016 मध्ये शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे मुरुम परिसरातील लोक विसरलेले नाहीत. एप्रिल हाच खरड छाटणीचा महिना. ज्या दिवसांत विहिरी तळ गाठतात त्याच दिवसांत वेलास पुढील वर्षाची काडी घडवावयाची असते. विहिरीत कार्तिकात किती पाणी आहे हे विचारून उपयोग नाही. वैशाखात किती उरते आणि शेततळ्यात किती साठविले आहे, हे विचारावे.

दुसरा प्रश्न जमिनीचा. भारी काळ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या रानात वेलाची मुळे गुदमरतात, आणि चुनखडीच्या रानात लोहाअभावी पाने पिवळी पडतात. डॉगरिज खुंटावर कलम केल्याने क्षार व पाण्याचा ताण सोसण्यास मदत होते, परंतु माती व पाणी तपासल्यावाचून खुंटावर भिस्त ठेवू नये. तिसरा प्रश्न भांडवलाचा: मंडप, ठिबक व रोपे यांचा खर्च आधी होतो, उत्पन्न मागाहून येते; तोवर घर कशावर चालले? चौथा प्रश्न विक्रीचा: माल उधारीवर नेऊन पैसे बुडविणाऱ्या व्यापाऱ्याशी गाठ पडली होती काय, आणि भाव पडला तर बेदाणा करण्याची सोय आहे काय?

एक आक्षेप

उघड्या काड्या पाहून आणि अडचणी ऐकून शेतकरी बिचकेल, असे कोणी म्हणेल. काही जण खरोखरच बिचकतील, आणि त्यांचे त्यात कल्याणच आहे. पुरेसे पाणी नसताना उभारलेला मंडप कर्ज फिटण्यापूर्वीच वाळतो, आणि त्या कर्जासाठी रान गहाण पडते. द्राक्षाविरुद्ध मात्र हा युक्तिवाद नाही. सोलापूरजवळच्या नान्नज येथील नानासाहेब काळे यांनी सोनाका ही जात आणि तासगाव तालुक्यातील बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी तास-ए-गणेश ही जात थॉमसन सीडलेसमधूनच निवडली. दोन्ही गावे कमी पावसाच्या मुलखातील आहेत. वेलाकडे बारा महिने बारकाईने पाहणाऱ्यासच असा वेगळा वेल ओळखता येतो.

दुसरी अडचण खरी आहे. आश्विनात सोयाबीनची काढणी व मळणी आणि हरभरा-ज्वारीची पेरणी अंगावर असते. म्हणून मोठी सहल न काढता सात-आठ कुटुंबांनी एकच दिवस मोकळा करावा; मळणी आटोपल्यावर, दिवाळीपूर्वी, तो निघू शकतो. याच कुटुंबांनी त्याच बागेस वैशाखात, पाण्याच्या टंचाईत, दुसरी भेट द्यावी आणि काढणीच्या वेळी तिसरी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी यंदापासून हा क्रम अवश्य ठेवावा. प्रत्येक भेटीत पाणी, मजुरी, औषधे व विक्री यांचे आकडे वहीत उतरवून घ्यावेत आणि वर्षअखेर ती वही कुटुंबासमोर उघडून बसावे. ज्याच्या विहिरीचे पाणी आणि घरातील हात या हिशेबास पुरतील, त्याने निःशंकपणे बाग लावावी. ज्याचे पुरणार नाहीत, त्याने तूर-हरभऱ्याचीच शेती अधिक चांगली करावी. त्यात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही.