मांजराच्या डायबेटिसवर गोळी आली, मग घरी शुगर कशाला तपासायची?

‘आता मांजराला इन्सुलिन टोचायची गरज नाही’ असं सांगणारे रील्स तुमच्याही फीडमध्ये आले असतील. त्यात अर्धंच सत्य आहे.

अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०२२ मध्ये मांजरांसाठी ‘बेक्साकॅट’ ही डायबेटिसची गोळी मंजूर केली. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘सेनवेल्गो’ हे तोंडावाटे द्यायचं पातळ औषध आलं. दोन्ही दिवसातून एकदाच द्यायची. जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर काढणं हे त्यांचं काम.

पण ही औषधं एरवी तब्येतीने ठणठणीत असलेल्या आणि आधी इन्सुलिन न घेतलेल्या मांजरांसाठीच आहेत. शिवाय त्यांच्यावर ठळक इशारा छापलेला असतो: शुगर नॉर्मल दिसत असतानाही शरीरात कीटोन साचून जीवघेणा कीटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो. म्हणजे मांजर जेवत नाही, उलट्या करतंय आणि ग्लुकोमीटर मात्र ‘सगळं छान’ म्हणतोय! त्यामुळे गोळीने तपासणी संपत नाही, उलट कीटोनची तपासणी वाढते.

दवाखान्यातला आकडा का फसवतो?

निरोगी मांजराची शुगर साधारण ८० ते १२० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असते. पण पिंजरा, रिक्षाचा प्रवास, शेजारी भुंकणारा कुत्रा एवढ्यानेही ती ३०० च्या वर जाऊ शकते. त्या एका आकड्यावर इन्सुलिन वाढवलं, तर घरी आल्यावर शांत झालेल्या मांजराची शुगर धोकादायक खाली येऊ शकते. म्हणून डॉक्टर फ्रुक्टोसामाइनची तपासणीही करतात. ती मागच्या एक-दोन आठवड्यांची सरासरी सांगते, पण आज दुपारी शुगर किती खाली गेली हे सांगत नाही. ते घरीच कळतं.

पद्धत ऐकायला क्रूर वाटते, तेवढी नाही. कोमट कापडाने कान शेकायचा, मागे कापूस धरायचा आणि कानाच्या कडेला बारीक सुई टोचायची. एक थेंब पुरतो. लगेच आवडता खाऊ. बहुतेक मांजरं यातल्या फक्त खाऊकडे लक्ष देतात. इन्सुलिनच्या आधी एकदा, मग दर दोन तासांनी बारा तासांपर्यंत आकडे लिहिले की आलेख तयार होतो. डॉक्टर त्यात सर्वांत खालचा आकडा शोधतात. तो साधारण ८० ते १५० मध्ये असावा असं पाहतात.

माणसांचा मीटर चालतो का? चालतो, पण मांजराच्या रक्तात तो बहुधा खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतो. म्हणून दरवेळी तोच मीटर वापरा आणि कोणता आहे ते डॉक्टरांना सांगा. माणसांचा १४ दिवसांचा सेन्सरही केस काढून लावतात, मात्र मांजर तो आधीच खरवडून काढेल याची तयारी ठेवा.

खरा घोळ सिरिंजमध्ये

हा मुद्दा रील्समध्ये मला कुठेच दिसला नाही, आणि भारतात तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. आपल्याकडे मेडिकलमध्ये इन्सुलिन दोन तीव्रतांचं मिळतं: एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट किंवा १०० युनिट. दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या, ४० ची लाल टोपीची आणि १०० ची केशरी. मांजरांना बऱ्याचदा दिलं जाणारं ग्लार्जिन १०० चं असतं. ते लाल टोपीच्या सिरिंजमध्ये ‘२’ च्या रेघेपर्यंत भरलं, तर २ ऐवजी ५ युनिट जातात. चार-पाच किलोच्या जिवाला हा डोस घातक ठरू शकतो. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे ना, हे दरवेळी पाहा.

मांजर लडखडतंय, थरथरतंय, आचके देतंय, तर शुगर उतरली असं समजा. हिरड्यांना मध किंवा साखरेचं पाणी चोळा आणि थेट दवाखाना गाठा. आचके येत असताना तोंडात काही ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.

एक चांगली बातमीही आहे. लवकर उपचार आणि कमी कार्बचं खाणं मिळालेल्या काही मांजरांना पुढे इन्सुलिन लागतच नाही. पण त्या वाटेवर गरज हळूहळू घटत जाते, आणि कालचा बरोबर डोस आज जास्त होतो. अशा वेळी वहीतले आकडे डॉक्टरांना पाठवा, डोस ते कमी करतील.