घर सोडताना

मागल्या हिवाळ्यात आम्ही मांडू बघायला गेलो होतो. धारहून मांडूला जाताना वाटेत नालछा लागतं. तिथं चहाला थांबलो. धार म्हणजे आपल्या मराठी माणसाला पवारांचं संस्थान. रघुनाथराव पेशव्यांच्या आनंदीबाईंनी धारच्या किल्ल्यात आसरा घेतला आणि दुसरा बाजीराव तिथं जन्मला, हे शाळेत वाचलेलं. त्या कौतुकात मी चहावाल्याशी गप्पा काढल्या. त्याला पेशव्यांचं काही पडलेलं नव्हतं. तो कारमच्या धरणाबद्दल बोलू लागला.

घाटाखाली धरमपुरी तहसिलीत, कोठीद्याजवळ कारम नदीवर तीनशे चार कोटींचं मातीचं धरण बांधलं जात होतं. ११ ऑगस्ट २०२२ रोजी, पहिल्याच पावसात भरलेल्या त्या धरणाच्या भिंतीतून पाणी झिरपू लागलं. खालची अठरा गावं रिकामी करायचा हुकूम निघाला, बारा धार जिल्ह्यातली आणि सहा खरगोनची. सैन्य आलं, आग्रा-मुंबई रस्ता बंद झाला. यंत्रांनी बाजूला चर खणून १४ तारखेला पाणी काढून दिलं. माणूस एकही दगावला नाही. पुढं आठ अधिकारी निलंबित झाले.

चहावाल्याची बहीण त्या खालच्या गावात दिलेली. ती मंडळी मुलाबाळांसकट टेकडीवर जाऊन बसली. आणि दुसऱ्या रात्री त्याचा मेव्हणा चोरून खाली उतरला. कशाला? म्हैस दोहायला. "भिंत फुटली असती तर?" मी विचारलं. तो म्हणाला, म्हैस ओरडत होती, ती टेकडीवरून ऐकू येत होती.

तुम्ही म्हणाल, काय हा मूर्खपणा! मीही पूर्वी हेच म्हटलं असतं. पण मला आमच्या घरची २०२१ ची जुलै आठवली.

मी सरकारी कारकून. २२ जुलैला दिवसभर ऑफिसात बसून नदीकाठच्या वाड्यांवर फोन करत होतो. पाणी वाढतंय, घरं सोडा, शाळेत जा. संध्याकाळी सत्तरीत स्वतःच्या घरी पोचलो, तर आई देवाकडे दिवा लावत होती. मी म्हटलं, चल. ती म्हणाली, "ब्यांयशींत उदक दारांतल्यान परत गेलें. आतांय वतलें." आमच्या ओसरीच्या भिंतीवर १९८२ च्या पुराची खूण आहे, बाबांनी कोळशानं ओढलेली. तिच्या दृष्टीनं ती रेघ म्हणजे सरकारी हुकुमापेक्षा मोठा कागद. दिवसभर लोकांना पढवणारा मी तिच्यापुढं गप्प झालो. खरं सांगायचं तर मलाही ती रेघ पटली होती.

शेवटी शेजारचा मुलगा आला आणि म्हणाला, काकी, गाय मी आमच्या वरच्या गोठ्यात बांधतो. त्याबरोबर आई उठली. तिनं देव टोपलीत घेतले, पत्र्याच्या पेटीतली कागदपत्रं घेतली आणि दाराला कुलूप लावलं. पहाटे म्हादईचं पाणी त्या कोळशाच्या रेघेच्या हातभर वर होतं.

तेव्हापासून मला वाटतं की घर न सोडणारा माणूस हट्टी नसतो. तो हिशोब करत असतो. गाय कुठं बांधू? मागं चोरी झाली तर? गेल्या खेपेला काय झालं होतं? या प्रश्नांची उत्तरं नसतील तर लाऊडस्पीकर कितीही ओरडला तरी माणूस हलत नाही, आणि हलला तरी मध्यरात्री परत जातो. हुकूम काढणाऱ्यांनी (त्यात मीही आलो) माणसांची यादी करताना जनावरांचीही करावी. वस्तीवर रात्री पहारा कोण देणार, हे नावानिशी सांगावं. आणि उजेड असतानाच सांगावं. एवढं केलं तर निम्मं काम होतं.

पण उरलेलं निम्मं आपलं आहे. जुन्या पुराची खूण ही पाण्यानं दिलेली हमी नव्हे. तेव्हा पाणी तिथं थांबलं, एवढंच ती सांगते. शिवाय काही झालं नाही की आपण लगेच म्हणतो, उगाच पळवलं. कारमच्या खालीही शेतं खरवडली गेली, पण गावं वाचली. तेव्हा असं म्हणणारे तिथंही निघाले असतील. त्यांनी चिपळूणजवळचं तिवरे आठवावं. तिथल्या धरणाच्या गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. २ जुलै २०१९ च्या रात्री धरण फुटलं आणि भेंदवाडी वाहून गेली. वीसहून अधिक माणसं गेली. मंत्रिमहोदयांनी दोष खेकड्यांवर टाकला. तिथं घर सोडायचं की राहायचं, हा प्रश्न विचारायलासुद्धा कोणी आलं नाही. कारमच्या लोकांना तीन दिवसांचा त्रास झाला. तिवऱ्याच्या लोकांना तो त्रास मिळाला असता तर!

म्हणून माझं मत सरळ आहे. जा म्हटलं की जावं. दहापैकी नऊ वेळा परत येऊन घर जसंच्या तसं सापडेल, आणि त्या नऊ वेळा हसू करून घ्यायला लाजू नये. पावसाळ्याआधीच घरात ठरवून ठेवावं की कुणाकडं जायचं, गाय कुठं बांधायची, पेटीत काय असायचं. पाणी दारात आल्यावर आईशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

आता आमच्या ओसरीवर दोन रेघा आहेत. वरची मी ओढली. आई तिच्याकडं बघते आणि काही बोलत नाही. मात्र दर मे महिन्यात ती शेजारच्या मुलाला विचारून घेते, वरच्या गोठ्यात यंदा जागा आहे ना रे?